पत्ता हरवला म्हणून हक्क हरवतो काय?

संगणकावरील खेळ हा विषय या पत्रिकेच्या पानांवर आलेला पाहून आमच्या पिढीतील अनेक वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे आम्ही जाणून आहोत. ‘खेळाचे खाते गेले तर बरेच झाले, पोरगा निदान चार पुस्तके तरी वाचील,’ हा अभिप्राय आम्ही स्नेहसंमेलनांत, लग्नाच्या पंगतीत आणि सकाळच्या फिरण्यात इतक्या वेळा ऐकला आहे की तो आता आम्हांला पाठ झाला आहे. या अभिप्रायाशी आमचे भांडण आहे. त्याहून मोठे भांडण आहे ते या खेळांचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांशी. ग्राहकाकडून वर्षानुवर्षे पैसे घ्यायचे, आणि त्याचा एक जुना ईमेल पत्ता बंद पडला की ‘आपण तेच कशावरून?’ असे विचारून दार लावून घ्यायचे, ही त्यांची रीत आम्हांला अन्यायाची वाटते. ती अन्यायाची का आहे आणि तिच्याऐवजी काय असावे, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रश्न थोडक्यात असा. इंटरनेटवरील खेळ खेळण्यासाठी कंपनीकडे खाते उघडावे लागते आणि ते उघडताना एक ईमेल पत्ता द्यावा लागतो. तो झाला नोंदणीकृत पत्ता. पुढे कधी पासवर्ड विसरला, नवा संगणक घेतला किंवा कंपनीलाच काही संशय आला, की कंपनी त्या पत्त्यावर काही अंक किंवा एक दुवा पाठवते. तो अंक जो सांगेल तो मालक. आता दहा-पंधरा वर्षांनी तो पत्ताच अस्तित्वात उरला नसेल तर? खेळ विकत घेतल्याच्या पावत्या हातात असतात, ज्या बँकेतून पैसे गेले तिचे उतारे असतात, कित्येकदा पासवर्डही बिनचूक आठवत असतो; परंतु अंक ज्या पेटीत पडला ती पेटीच उघडत नाही. बरे, पत्ता बदलून घ्यावा म्हटले, तर त्या बदलाला संमती मागणारे पत्रही त्याच बंद पेटीत जाऊन पडते! किल्ली कपाटात आणि कपाट कुलपात, अशी ही अवस्था आहे.

‘यात एवढे काय गेले?’ असे विचारणाऱ्यांना आमची दोन उत्तरे आहेत. पहिले पैशाचे. एकेका खेळाला शेकडो, कधी हजारो रुपये मोजावे लागतात. नोकरीला लागलेला तरुण दहा वर्षांत असे तीस-चाळीस खेळ सहज विकत घेतो. ही रक्कम दुचाकीच्या किमतीएवढी होते. दुचाकी चोरीला गेली तर आपण पोलीस ठाण्यात जातो आणि कोणीही आपल्याला हसत नाही. येथे कोणी पैजेच्या आणि जुगाराच्या खेळांशी गल्लत करू नये. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, आणि ती योग्यच झाली असे आमचे मत आहे. परंतु त्याच कायद्याने ई-स्पर्धांना खेळ म्हणून मान्यता दिली आणि निव्वळ करमणुकीच्या खेळांना वेगळे काढले. आम्ही बोलतो आहोत ते या उरलेल्या, राजमान्य खेळांबद्दल.

दुसरे उत्तर आमच्यासारख्या घरांना अधिक लागू पडणारे आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांची मुले आता आणखी पांगली आहेत. एक भाऊ बेळगावात, दुसरा बडोद्यात, आतेभाऊ हैदराबादेत, मावसबहीण आणखी कुठे समुद्रापार. ही भावंडे वर्षातून एकदा तरी भेटतात की नाही, याची शंका आहे. परंतु शनिवारी रात्री ती एकाच खेळात एकत्र येतात आणि कानाला यंत्र लावून दोन-दोन तास बोलतात. दिवसभर कचेरीत इंग्रजी किंवा हिंदी आणि बाजारात कानडी, गुजराती किंवा तेलुगू बोलणारी ही मुले तेथे एकमेकांवर खेकसतात ती घरच्या मराठीत. आम्ही दाराआडून हे ऐकले आहे आणि ऐकून आम्हांला बरे वाटले आहे. मराठीच्या भवितव्यावर परिसंवाद भरवणाऱ्यांनी या संभाषणाचीही कधी दखल घ्यावी. खाते गेले म्हणजे विकत घेतलेले खेळ तर गेलेच. पण ज्या नावाने भावंडे एकमेकांना ओळखत होती ते नाव, जमवलेली मित्रमंडळींची यादी आणि वर्षानुवर्षांच्या निरोपांची साठवण हेही गेले.

ही अडचण पूर्वी नव्हती, कारण पूर्वी खाते नव्हते. आमच्या बेळगावात १९९८ साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झाले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी गावातील सायबर कॅफे भरून जाऊ लागले, तो हाच काळ. त्या वेळी खेळ सीडीवर मिळे. वेष्टनावर एक क्रमांक छापलेला असे. तो संगणकाला सांगितला की खेळ सुरू. सीडी मित्राला वाचायला दिलेल्या पुस्तकासारखी देता येई, धाकट्या भावाकडे जाई, जुन्या बाजारात विकताही येई. ज्याच्या हाती सीडी त्याचा खेळ. त्याचे नाव, गाव, पत्ता कोणी विचारीत नसे. सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने ‘स्टीम’ नावाची सेवा सुरू केली आणि खेळ हळूहळू सीडीतून निघून खात्यात गेला. यात सोयी पुष्कळ झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मालकीचा दाखला ग्राहकाच्या फडताळातून उठून कंपनीच्या दप्तरात गेला, आणि त्या दप्तराचे दार उघडण्याचे काम एका ईमेल पत्त्यावर सोपवले गेले.

आता हा पत्ता किती भरवशाचा असतो ते पाहावे. विद्यार्थ्याला महाविद्यालयाने दिलेला पत्ता पदवीबरोबर संपतो. नोकरीतील पत्ता राजीनाम्याच्या दिवशी संपतो. फुकट मिळणाऱ्या पत्त्यांची कथा याहून बरी नाही. इंडियाटाइम्सची ईमेल सेवा २०१३ साली बंद झाली. त्याच वर्षी याहूने जाहीर केले की १२ महिने वापरात नसलेले पत्ते मोकळे करून मागेल त्या नव्या माणसाला देण्यात येतील. तसे ते दिले गेले, आणि नव्या धारकांना जुन्या धारकांची खासगी पत्रे येऊ लागल्याच्या तक्रारी थोड्याच महिन्यांत प्रसिद्ध झाल्या. गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले की दोन वर्षे न उघडलेली व्यक्तिगत खाती डिसेंबर २०२३ पासून पुसून टाकण्यास सुरुवात होईल. एखाद्या छोट्या कंपनीने आपले इंटरनेटवरील नाव नूतनीकरणावाचून सोडून दिले, तर ते नाव दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो, आणि त्या नावाखालील सगळ्या जुन्या पत्त्यांवर येणारी पत्रे मग त्या परक्याच्या हाती पडतात. ईमेलऐवजी मोबाइल क्रमांक ठेवावा म्हटले, तर बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो, हे दूरसंचार नियामक प्राधिकरणानेच २०२३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितले आहे.

या सर्व घटनांचा अर्थ एकच. ईमेल पत्ता ही भाड्याची जागा आहे. बहुधा तर फुकट राहू दिलेली ओसरी आहे. घरमालक केव्हाही ‘उठा’ म्हणू शकतो आणि त्याच ओसरीवर उद्या दुसऱ्याला बसवू शकतो. अशा ओसरीच्या पत्त्यावर माणसाची मालमत्ता टांगून ठेवणे, आणि ओसरी सुटली म्हणजे मालमत्ताही सुटली असे मानणे, याला व्यवहारज्ञान म्हणत नाहीत.

आमच्या नात्यातील एका तरुणाचे उदाहरण देतो. कंपनीचे नाव घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. त्याने अभियांत्रिकीला असताना महाविद्यालयाच्या पत्त्यावर खाते उघडले. नोकरी लागल्यावर त्याच खात्यात पगारातून एकेक खेळ घेतला. एके दिवशी संगणक बिघडला, त्याने नवा घेतला. पासवर्ड बरोबर दिला, तरी ‘नवे यंत्र दिसते, नोंदणीकृत पत्त्यावर अंक पाठवला आहे’ असे उत्तर आले. तो पत्ता बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. त्याने खरेदीच्या पावत्या पाठवल्या, बँकेचे उतारे पाठवले, बिघडलेल्या संगणकाचा अनुक्रमांक पाठवला. उत्तर आले: ‘आपण खात्याचे मालक असल्याची खात्री आम्ही करू शकलो नाही.’ कोणता पुरावा कमी पडला, हे विचारले. तेच वाक्य पुन्हा आले. कोणाकडे दाद मागावी, हे विचारले. तेच वाक्य तिसऱ्यांदा आले आणि त्याखाली ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ अशी पुस्ती होती. शेवटी त्यांनी शासकीय ओळखपत्र मागितले. ते पाठवल्यावर सांगितले की खात्यावरील नाव ओळखपत्राशी जुळत नाही. कसे जुळावे? ते खाते उघडले त्या काळात इंटरनेटवर खरे नाव देऊ नये, हा शहाणपणाचा सल्ला शिक्षकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वजण देत होते, आणि कंपनीने टोपणनाव खुशाल स्वीकारले होते. टोपणनावाकडून पैसे घेताना त्यांना अडचण आली नाही. टोपणनावाला त्याचा माल परत देताना मात्र आली.

हे एकट्या-दुकट्याचे दुर्दैव आहे असेही नाही. ‘माइनक्राफ्ट’ हा स्वीडनमध्ये जन्मलेला खेळ मायक्रोसॉफ्टने २०१४ साली त्याच्या कंपनीसकट विकत घेतला. पुढे कंपनीने ठरवले की जुनी खाती मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत वर्ग करून घ्यावी लागतील. त्यासाठी १९ सप्टेंबर २०२३ ही मुदत दिली, त्यावर थोडी सवलत दिली आणि डिसेंबर २०२३ मध्ये दार कायमचे बंद केले. ज्यांच्या हाती जुना ईमेल पत्ता उरला नव्हता, त्यांना मूळ खरेदीचा व्यवहार क्रमांक शोधून कंपनीच्या मदत विभागाची मनधरणी करावी लागली. आणि तो क्रमांक बहुधा त्या हरवलेल्या ईमेलमध्येच आलेला असे. मुदतीत हे ज्यांना साधले नाही, त्यांचा रोख पैसे देऊन घेतलेला खेळ गेला. त्यांनी कोणता करार मोडला होता? कोणताही नाही. त्यांचा पत्ता तेवढा बदलला होता.

कंपन्यांचे म्हणणे काय आहे, तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. कारण ते अगदीच पोकळ नाही. त्या म्हणतात, ‘आमचा ईमेल पत्ता हरवला हो’ असे रडगाणे गाऊन दुसऱ्याचे खाते लाटणारे भामटे पुष्कळ आहेत. मौल्यवान खात्यांचा चोरबाजार चालतो. मदत विभागातील एखादा कर्मचारी दयेने विरघळला, तर खऱ्या मालकाच्या घरावर दरोडा पडतो. म्हणून नियम कडक हवा. हे सर्व खरे आहे. आम्हीही नियम ढिला करा असे म्हणत नाही. आमचे म्हणणे असे की हा नियम कडक नसून आंधळा आहे. कडक नियम पुरावा तपासतो. आंधळा नियम एकच पुरावा ओळखतो आणि बाकीचे पाहतच नाही. शिवाय तो भामट्याला अडवतो, हेही पुरते खरे नाही. याहूने सोडून दिलेला पत्ता ज्या परक्याच्या हाती पडला, त्याला या नियमाप्रमाणे खाते विनासायास मिळते. कारण अंक त्याच्याच पेटीत पडतो! पावत्या घेऊन उभा असलेला खरा मालक बाहेर, आणि रिकामी पेटी उचलणारा तिऱ्हाईत आत. याला सुरक्षा म्हणायचे असेल, तर चोरी कशाला म्हणावे?

आम्ही कर्नाटक शासनाच्या महसूल खात्यात हयात घालवली. मालकीचे तंटे हा आमचा रोजचा भाकरतुकडा होता, म्हणून या विषयावर बोलण्याचा अल्पसा अधिकार आम्ही मानतो. ‘कागद हरवला’ असे सांगत येणारा माणूस कचेरीत रोज येई. कोणाचे खरेदीखत वाळवीने खाल्लेले, कोणाचे पुरात गेलेले, कोणाचे भावकीने दडवलेले. त्याला ‘कागद नाही म्हणजे जमीन नाही’ असे उत्तर देण्याची मुभा आम्हांला कायद्याने दिलेली नव्हती. १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत नोंदलेल्या दस्ताची प्रमाणित नक्कल मिळते. मूळ प्रत गेली म्हणून हक्क जात नाही. पहाणी पत्रकावर नाव बदलायचे असेल, तर अर्ज घ्यायचा, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी ठरावीक मुदत थांबायचे, हरकत आली तर दोन्ही बाजू ऐकायच्या आणि मग कारणे देऊन निकाल लिहायचा. त्या निकालावर अपील असते. या पद्धतीला वेळ लागतो आणि लोक तिला शिव्या देतात. आम्हीही त्या खाल्ल्या आहेत. पण भामट्याला अडवण्याचे आणि खऱ्या मालकाला न्याय देण्याचे काम एकाच वेळी करणारी दुसरी पद्धत आम्हांला तरी ठाऊक नाही.

जुन्या दप्तरातून नव्या दप्तरात जाणे काय असते, हेही आमच्या खात्याने अनुभवले आहे. २००० सालच्या सुमारास ‘भूमी’ योजनेखाली कर्नाटकातील पहाणी पत्रके संगणकावर आली आणि हस्तलिखित उताऱ्यांचे दिवस संपले. राज्यभरातील लाखो शेतकऱ्यांच्या नोंदी एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत गेल्या. त्यात चुका झाल्या, दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागले. पण ‘अमुक तारखेपर्यंत संगणकापुढे हजर राहून नाव वर्ग करून घ्या, नाहीतर जमीन गेली’ असा हुकूम त्या योजनेत नव्हता. दप्तर बदलणे ही सरकारची सोय होती, म्हणून ओझेही सरकारने उचलले. खेळाच्या कंपन्यांनी नेमके उलटे केले आहे. सोय त्यांची आणि मुदत ग्राहकाला.

बँकांचे पाहावे. दहा वर्षे कोणी हात न लावलेली ठेव २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जमा होते. परंतु ठेवीदार किंवा त्याचा वारस त्यानंतर केव्हाही आला आणि त्याने ओळख पटवली, तर बँकेला पैसे द्यावे लागतात. अशा विसरलेल्या ठेवी शोधता याव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाची सोय इंटरनेटवर सुरू केली. म्हणजे बँक मालकाला शोधते, आणि खेळाची कंपनी दारात आलेल्या मालकाला ओळख दाखवत नाही.

आमच्या या दक्षिण महाराष्ट्राच्या मुलखाने ‘सनद दाखवा, नाहीतर सोडा’ या न्यायाची चव पूर्वी घेतलेली आहे. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले आणि पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीत असलेल्या जमिनींचे कागद मागितले गेले. ज्यांची सनद सापडली नाही त्यांच्यापैकी अनेकांच्या जमिनी गेल्या. १८५७ च्या पूर्वीच्या असंतोषाच्या कारणांत इतिहासकार या कमिशनची गणना करतात. तरीही एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे: त्या कठोर कायद्याच्या नियमांतही दीर्घकाळच्या अखंड वहिवाटीला पुरावा म्हणून काही मोल दिलेले होते. खेळाच्या खात्यातील पंधरा वर्षांच्या अखंड वहिवाटीला, नियमित भरलेल्या पैशाला, त्याच शहरातून, त्याच यंत्रावरून रोज केलेल्या प्रवेशाला आजची कंपनी तेवढेही मोल देत नसेल, तर तिने इनाम कमिशनालाही मागे टाकले म्हणायचे.

आणि हे मोल देणे अशक्य आहे, असेही नाही. सर्व पुरावा कंपनीच्या दप्तरात पडलेला असतो. खाते कोणत्या तारखेला उघडले, पहिला खेळ कोणता घेतला, कोणत्या कार्डाच्या शेवटच्या चार अंकांनी पैसे आले, कोणती यंत्रे वापरली, हे सारे तिला ठाऊक असते. ‘स्टीम’च्या मदत विभागात जुन्या सीडीच्या वेष्टनावरील क्रमांक किंवा पैसे भरल्याचा तपशील मालकीचा पुरावा म्हणून घेतला जातो. म्हणजे एकाला जे जमते ते इतरांनाही जमेल. प्रश्न इच्छेचा आणि खर्चाचा आहे. अर्ज वाचायला माणूस नेमावा लागतो, आणि माणसाला पगार द्यावा लागतो.

म्हणून आमच्या मागण्या पाच आहेत. पहिली: ईमेल पत्ता हे संपर्काचे साधन मानावे, मालकीचा एकमेव दाखला मानू नये, पावती, बँकेचा उतारा, जुने यंत्र आणि दीर्घ वहिवाट यांचा एकत्रित विचार व्हावा. दुसरी: पत्ता बदलण्याचा अर्ज आला की जुन्या पत्त्यावर, खात्यावरील निरोपांत आणि जोडलेल्या मोबाइलवर नोटीस जावी, ३० दिवस हरकतीची वाट पाहावी, त्या काळात खात्यातून काही विकता किंवा हलवता येऊ नये, हरकत आली नाही आणि पुरावा पुरेसा असला, तर खाते अर्जदाराच्या हवाली करावे. भामटा ३० दिवस उजेडात उभा राहत नाही, हा आमचा नोकरीतील अनुभव आहे. तिसरी: नकार द्यायचा असेल तर कारणे लेखी द्यावीत, कोणता पुरावा का अपुरा ठरला ते सांगावे. चौथी: त्या नकारावर दुसऱ्या, वरिष्ठ माणसाकडे एकदा तरी अपील असावे. पाचवी: कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी खाती वर्ग केली, तर मुदत संपल्यामुळे कोणाचाही विकत घेतलेला माल बुडू नये.

कायदा याबाबत काय म्हणतो? २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे अशा सेवा चालवणाऱ्या मध्यस्थांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो; त्याने २४ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि ७ दिवसांत ती निकाली काढावी, असा नियम आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने प्रत्येकाला आपल्याविषयीची माहिती मागण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा, तक्रारीचा आणि आपल्या पश्चात हे हक्क बजावणारी व्यक्ती नेमण्याचा अधिकार दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून बहुतेक तरतुदींना अंमलासाठी १८ महिन्यांचा अवधी दिलेला आहे. बंद पडलेला पत्ता ही आपल्याविषयीची चुकीची नोंद आहे आणि ती दुरुस्त करून मागणे हा आपला हक्क आहे, असा आमचा या कायद्याचा अर्थ आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहेच. ग्राहक मदतीचा १९१५ हा क्रमांक फिरवायला पैसे पडत नाहीत.

कंपन्या येथे आणखी एक पान उलटतील. ‘आम्ही खेळ विकलाच नव्हता, वापरण्याचा परवाना दिला होता,’ असे बारीक अक्षरात लिहिलेले असते. दुकानाच्या पाटीवर ‘विकत घ्या’ आणि पावतीच्या पाठीमागे ‘विकले नाही’, ही लबाडी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्याही लक्षात आली. केवळ परवाना देणार असाल तर ते ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरू नका, असा कायदा तेथे २०२४ साली झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. आपल्याकडेही तसा हवा. पण क्षणभर परवानाच मानला, तरी परवानाधारकाचे हक्क असतातच. बंदुकीचा किंवा वाहनाचा परवाना हरवला तर दुय्यम प्रत मिळते; परवाना रद्द करायचा तर त्याची बाजू ऐकून घ्यावी लागते. पत्ता बदलला म्हणून परवाना रद्द, असे कोणत्या शासनाने केल्याचे आम्ही पाहिले नाही.

आता चार शब्द आपल्या घरांविषयी. आपण ज्येष्ठ मंडळींनी या प्रश्नाला ‘पोरखेळ’ म्हणून उडवून लावल्यामुळे मुले घरी बोलत नाहीत आणि एकटीच या कंपन्यांशी झुंजतात. मग ‘हजार रुपयांत खाते परत मिळवून देतो’ म्हणणारा एखादा मध्यस्थ गाठ पडतो आणि हजार रुपयांबरोबर उरलीसुरली माहितीही घेऊन जातो. अशी फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते, हे प्रत्येक घरात माहीत असावे. आपल्या घरांत जुने कागद रुमालात बांधून जपण्याची रीत आहे. तीच रीत येथे लावावी. मुलांना सांगावे की खाते उघडल्याची तारीख, पहिल्या खरेदीची पावती आणि कंपनीने दिलेले राखीव अंक कागदावर उतरवून घरच्या कपाटात ठेवा. महाविद्यालयाचा किंवा नोकरीचा पत्ता सुटण्यापूर्वी सर्व खात्यांवरचा पत्ता बदला, आणि एकाऐवजी दोन पत्ते नोंदवा. जुना ईमेल पत्ता सेवादात्याकडून परत मिळण्याजोगा असेल, तर कंपनीशी वाद घालण्यापूर्वी तो आधी मिळवा. आणि अर्ज करायचाच झाला, तर तो रागाने न करता तारीखवार, मुद्देसूद, पुराव्यासह करा. असे अर्ज लिहिण्यात आपली पिढी वाकबगार आहे. मुलांना त्या कामी मदत करण्यात आपला काही कमीपणा नाही.

आज हा प्रश्न खेळाच्या खात्यांपुरता दिसतो. परंतु छायाचित्रे, पुस्तके, गाणी, पत्रव्यवहार, सारेच अशा खात्यांत जाऊन बसले आहे आणि प्रत्येक खात्याच्या दारावर तोच एक ईमेल पत्ता पहारा देतो आहे. खेळाच्या खात्यावर जो न्याय आज आपण मुकाट्याने मान्य करू, तोच उद्या आपल्या नातवंडांची छायाचित्रे मागायला गेल्यावर आपल्याला ऐकवला जाईल. आपल्या घराण्यांनी गावे बदलली, राज्ये बदलली, सरकारे बदललेली पाहिली. देशावरून बेळगावला, इंदूरला, बडोद्याला येताना आपल्या पूर्वजांचा पत्ता बदलला होता. म्हणून ते कोण, हे त्यांना कोणी नव्याने सिद्ध करायला लावले असते, तर ते त्यांनी ऐकून घेतले नसते. आपणही ऐकून घेऊ नये.